चावाबाई आणि न गुरगुरणारा भालू

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की एक लांबट खोली लागते. एक फ्रीज, एक टेबल, तीन स्टुलं, भिंतीला एक नळ आणि नळाच्या बरोब्बर वर एक घड्याळ, एवढाच तिथला संसार. कुत्रा चावलेली माणसं इथे येतात. मांजरानं ओरबाडलेलीही येतात, पण त्यांना इथे फारसा मान नाही.

या खोलीवर बावीस वर्षं एकाच बाईचं राज्य होतं. कागदोपत्री ती परिचारिका. बाकी अख्ख्या दवाखान्याला ती चावाबाई. हे नाव तिला कुणी चिकटवलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही, पण तोंडावरसुद्धा तेच चालायचं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट फोन उचलून 'चावा विभाग, बोला' असं ती अशा थाटात म्हणायची, की पलीकडच्याला वाटावं, चावून घ्यायची सोय इथेच होते.

माणूस आत आला की आधी नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्यात जखम पंधरा मिनिटं धुवायची हा तिचा कायदा, आणि घड्याळ तिथे टांगलंय ते त्यासाठीच. चार मिनिटांत 'झालं की हो सिस्टर' म्हणणाऱ्याकडे ती मान वर करून बघतही नसे. अकरा राहिली, एवढंच म्हणायची. कुणी घरातलं हाताला लागेल ते जखमेवर चोपडून आलेलं असायचं. ते धुऊन काढताना ती त्या माणसाच्या वैद्यकीय ज्ञानाचं तोंडभरून कौतुक करायची. एखादे आजोबा बटणं सोडून, पोट उघडं टाकून तयारच बसलेले असत. त्यांना ती सांगायची, पोटातली ती चौदा कधीच बंद झाली, आता दंडावर आणि तीही पाचच, तेव्हा झाका ते.

मग फॉर्म. फॉर्मवर माणसाचं एक चित्र छापलेलं आहे, नाक-डोळे नसलेलं. जिथे चावा असेल तिथे लाल पेनानं ठिपका द्यायचा. त्याखाली प्रश्न: चाव्याचं कारण. पुढे दोन चौकोन, 'डिवचल्यामुळे' आणि 'विनाकारण'. ज्या थोर माणसानं हा फॉर्म तयार केला, त्याला जगातली कारणं मोजून दोनच माहीत होती. त्यातलाही पहिला चौकोन त्यानं उगाच छापला. बावीस वर्षांत त्यात खूण करायची वेळ फार क्वचित आली.

कारण कुत्रा ज्याला म्हणून चावतो, त्याला तो विनाकारणच चावतो. एकानं कुत्र्याच्या तोंडातलं हाड ओढून घेतलं, कसलं आहे ते बघायला म्हणून: विनाकारण. एक बाई भांडणाऱ्या दोन कुत्र्यांच्या मधोमध हात घालून समेट घडवायला गेल्या: विनाकारण. एक गृहस्थ नुकत्याच व्यालेल्या कुत्रीच्या पोटाशी वाकून पिल्लं किती झाली ते मोजत होते. तीनपर्यंत मोजून झालं होतं: विनाकारण. एक तरुण तर अनोळखी कुत्र्याच्या गालाला गाल लावून फोटो काढायला गेला. गालावर सहा टाके पडले, आणि वर तो म्हणत होता, कुत्र्यांना प्रेम कळतं असं ऐकलं होतं. रस्त्यानं चाललेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या गालाला त्यानं असाच गाल लावला असता तर टाके सहावरच थांबले असते का, हा प्रश्न फॉर्मवर नाही. चावाबाई खूण करायची, सुई टोचायची आणि पुढच्याला हाक मारायची.

अशी अठरा हजारांवर माणसं हाताखालून गेल्यावर कुणालाही वाटेल तेच चावाबाईला वाटू लागलं. कुत्र्यांतलं आपल्याला कळतं. दवाखान्यात कळतं, बिल्डिंगमध्ये कळतं, नातेवाइकांत तर फारच कळतं. तिचं मत ठाम होतं आणि छोटं होतं. कुत्रं म्हणजे मुळातच डोकं फिरलेलं जनावर. लाड केले की शेफारतं, शेफारलं की चावतं. तेव्हा लहानपणीच हात दाखवावा. मत एवढं आटोपशीर असलं की ते येता-जाता कुणालाही देता येतं.

ते तिनं तीन वर्षांपूर्वी सख्ख्या भावाला दिलं.

भाऊ धाकटा. खाली त्याचं चष्म्याचं दुकान, वर घर. चावाबाईचं लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नाही याच्या चौकश्या थांबूनही बरीच वर्षं झाली होती. तिचा रविवार भावाकडे ठरलेला असायचा. भाऊ, भावजय आणि त्यांची एकुलती एक ठमी. चावाबाई बाकी जगाशी सुईच्या टोकानं बोलायची, पण या एका पोरीपुढे तिचं पार लोणी व्हायचं. ठमी तेव्हा तीन वर्षांची होती, आणि घरात नुकताच भालू आला होता. चार महिन्यांचं काळं केसाळ पिल्लू, पंजे नको तेवढे मोठे. एक दिवस तो ताटलीत तोंड घालून जेवत असताना ठमीनं ताटलीत हात घातला आणि भालू गुरगुरला. नुसता गुरगुरला, दातही लावला नाही. घरात हलकल्लोळ. भावानं ताईला फोन केला, ताई ड्यूटी संपवून तशीच धावत आली, आणि तिनं उभ्या उभ्या निकाल दिला. आजच मोडायचं हे. गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर द्यायची, एकदाही सोडायचं नाही. माझ्याकडे रोज येतात लाड करणाऱ्यांची पोरं, गाल फाटून.

भाऊ आज्ञाधारक. पंधरा दिवसांत भालू गुरगुरायचा थांबला तो थांबलाच. ताटलीत हात घाला, शेपूट ओढा, पाठीवर बसा, हूं नाही की चूं नाही. पाहुणे आले की भाऊ त्याच्या तोंडातला खाऊ काढून दाखवायचा आणि म्हणायचा, गुरगुरतसुद्धा नाही, आमच्या ताईची ट्रीटमेंट. कौतुक चाललेलं असताना जसं दुसरीकडे बघायचं असतं तसं चावाबाई दुसरीकडे बघायची. ही गोष्ट तिनं दवाखान्यात निदान शंभर जणांना सांगितली असेल.

एकशे एकावा होता जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर.

पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. हातांवर जुन्या जखमांचे एवढे पांढरे वण, की त्यातली नवी कुठली ते शोधावं लागलं. आला तो न सांगता नळाखाली जाऊन उभा राहिला आणि घड्याळाकडे बघत पुरती पंधरा मिनिटं धुऊन मगच स्टुलावर बसला. चावाबाईला हे आवडलं नाही. रागवायला काही ठेवलंच नाही या माणसानं. मग तिला एक सापडलं. तीस वर्षं जनावरांत काढली, आणि चावण्याआधीच घेऊन ठेवायची लस टोचून घेतलेली नाही. का? तर मागणीचा कागद सहा वर्षांपूर्वी वर गेलाय, तो अजून खाली आलेला नाही. चावाबाईनं त्याच्या ऑफिसचा यथेच्छ उद्धार केला, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं आणि तिनं पेन उघडलं. डाव्या मनगटावर ठिपका. कारण?

"दोन्ही चौकोन चालणार नाहीत," कंपाउंडर म्हणाला. "न ऐकल्यामुळे, असं लिहा."

"कुणी नाही ऐकलं? कुत्र्यानं?"

"मी. टेबलावर घेतल्यावर त्यानं तीनदा सांगितलं, हात काढ म्हणून. मला घाई होती."

चावाबाईनं 'विनाकारण'वर खूण केली. जखमेभोवती आणि दंडावर, दोन्हीकडे टोचलं, अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं, आणि कुत्र्यांचं बोलणं ऐकू येणाऱ्या माणसाला खरं तर कुठल्या विभागात पाठवायला हवं होतं याचा ती दुपारभर विचार करत राहिली.

तिसऱ्या दिवशी तो आला, टोचून घेतलं, गेला. सातव्या दिवशी आला तेव्हा गर्दी नव्हती, म्हणून अर्धा तास आतच खिडकीशी बसला. खिडकीतून दवाखान्याच्या फाटकाबाहेरचा कट्टा दिसतो. तिथे एक पिवळट कुत्रा पसरलेला होता आणि कुणा पेशंटबरोबर आलेले एक सद्गृहस्थ त्याला दोन्ही हातांनी प्रेमानं घुसळत होते.

कंपाउंडर हळूच म्हणाला, जांभई दिली बघा, आणि झोप काही आलेली नाही त्याला. चावाबाई हाताला काम नव्हतं म्हणून उठून आली. आता नाक चाटेल, तो म्हणाला. कुत्र्यानं नाक चाटलं. आता तोंड फिरवेल. फिरवलं, पार दुसरीकडे. गृहस्थांनी ते दोन्ही हातांत धरून हसत हसत पुन्हा आपल्याकडे वळवलं. आता उठून जाईल, जायला जागा आहे म्हणून, कंपाउंडर म्हणाला. कुत्रा उठला, त्यानं सगळं अंग झाडलं आणि पलीकडच्या झाडाखाली जाऊन पसरला. गृहस्थ शेजारच्या माणसाला सांगत होते, पाच मिनिटांत कशी दोस्ती झाली बघा.

एवढ्यावर पटलं असतं तर ती चावाबाई कसली. असतात असे अंदाज, लागतात कधीकधी, असं काहीबाही ती म्हणाली. आणि मग कुत्र्यांतलं आपल्यालाही कळतं हे दाखवायला तिनं भालूची गोष्ट काढली. साग्रसंगीत सांगितली, ताटलीपासून पंधराव्या दिवसापर्यंत. या ठिकाणी लोक एरवी मान डोलावतात. कंपाउंडरनं डोलावली नाही. त्यानं विचारलं, आणि आता कसं आहे? चावाबाई म्हणाली, आता काय, पोरगी अंगावर लोळते त्याच्या. पोरगी केवढी? सहा वर्षांची.

त्यानं वर केलेली बाही खाली घेतली.

"बाई, गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मी भीत नाही," तो म्हणाला. "तो सांगतो की मला हे नको वाटतंय, जरा लांब हो. तुम्ही त्याचं नको वाटणं नाही घालवलंत. सांगणं तेवढं बंद केलंत."

चावाबाईचा पारा चढला. बावीस वर्षं काय ती इथे गवत उपटत होती? अठरा हजार चावे बघितलेत तिनं, अठरा हजार. तिनं कपाट उघडून रजिस्टरांची थप्पी दाखवली, वरपासून खालपर्यंत.

"चावे बघितलेत," तो म्हणाला. "कुत्रे किती बघितलेत?"

याचं उत्तर सोपं होतं आणि तीच पंचाईत होती. दवाखान्याच्या फाटकावर पाटी आहे, प्राण्यांना आत आणू नये. चावणाऱ्यांपैकी एकालाही तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. जे काही ऐकलं ते सगळं चावून घेणाऱ्यांच्या तोंडून, आणि निकाल मात्र ती रोज देत होती. जाताना कंपाउंडरनं एवढंच सांगितलं, की रविवारी जाल तेव्हा एकदा नुसतं कुत्र्याकडे बघा. मुलीकडे नाही, कुत्र्याकडे.

शनिवारभर चावाबाई त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होती. सगळी उत्तरं झकास होती. रात्री झोप मात्र लागली नाही.

रविवारी जेवणं झाली, भांडी आवरली, आणि ठमीनं जाहीर केलं की भालूला आजोबा करायचं आहे. दुकानातली एक जुनी फ्रेम भालूच्या नाकावर चढली, भावजयीची शाल त्याच्या पाठीवर गेली, भावजयीनं मोबाइल काढला. ठमीनं दोन्ही हात भालूच्या मानेभोवती टाकले आणि गालाला गाल लावला. भाऊ हसून हसून बेजार. बघ ताई, कसा हसतोय, असं त्यानं दोनदा म्हटलं.

चावाबाई भालूकडे बघत होती. तीन वर्षांत आपण याच्याकडे पहिल्यांदाच बघतोय, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं. भालूनं जांभई दिली, सगळे हसले. भालूनं नाक चाटलं, एकदा, पुन्हा एकदा. तोंड भिंतीकडे फिरवलं. ठमीनं हनुवटीला धरून ते परत मोबाइलकडे आणलं. कान मागे गेले. डोळ्याच्या कडेला नखाएवढं पांढरं दिसायला लागलं. सोफा आणि भिंत यांच्या बेचक्यात सापडला होता तो, उठून जायला जागाच नव्हती. आणि मग तो एकाएकी थांबला. शेपूट थांबली, धाप थांबली, तोंड मिटलं. इतका स्तब्ध, की भावजय म्हणाली, किती गुणी आहे, हलतसुद्धा नाही, फोटो छान येणार.

इथे खरं तर गुरगुरणं यायला हवं होतं. ते येणार नव्हतं. ते कुणी काढून टाकलं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल सगळे तिचे आभारी होते.  ठमीचा गाल, ठमीचा डोळा, भालूचं तोंड, सगळं चार बोटांच्या अंतरात. जोरात ओरडावंसं वाटलं, पण ओरडण्यानं भालू दचकला असता तर संपलंच होतं. तिनं आवाज होईल तेवढा रोजचा ठेवला.

"ठमे, माझ्या पर्समध्ये तुझ्यासाठी काय आहे ते बघितलंस का?"

ठमीनं मान सोडली आणि ती पळाली. पर्समध्ये तिच्यासाठी काहीही नव्हतं, त्यावरून मग मोठी रडारड झाली, ती सोडा. भालू उठला आणि आंघोळ घालून सोडल्यासारखं त्यानं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. चष्मा एकीकडे, शाल दुसरीकडे, आणि तो टेबलाखाली जाऊन बसला. फोटो राहिला.

आता चावाबाईला बोलणं भाग होतं, आणि खरं बोलायची तिला मुळीच इच्छा नव्हती. तिनं आधी आडवाटेनं जाऊन बघितलं. म्हणाली, नवीन संशोधन आलंय. भावानं विचारलं, कुणाचं? ती म्हणाली, जनावरांच्या दवाखान्यात एक मोठे डॉक्टर आहेत. कंपाउंडरला तिनं परस्पर बढती देऊन टाकली. त्यावर भावानं तिचीच तीन वर्षांपूर्वीची वाक्यं तिच्याच आवाजात, एकही शब्द न गाळता म्हणून दाखवली. लाड केले की शेफारतं. एकदाही सोडायचं नाही. मग ती म्हणाली, तू गुंडाळी जरा जोरातच मारलीस. भाऊ म्हणाला, अस्सं, म्हणजे आता माझं चुकलं होय.

भावजय मात्र हसत नव्हती. तिला एवढंच कळलं होतं, की ताई कशालाच घाबरत नाहीत आणि आज घाबरल्यात. ती उठली, वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाली, उद्याच ती कुत्रे धरणारी गाडी बोलवा आणि नेऊ दे याला, मला असलं जनावर घरात नको.

गाडीनं नेलेल्या कुत्र्यांचं पुढे काय होतं ते चावाबाईला माहीत होतं. फॉर्मच्या मागच्या बाजूला 'कुत्र्याचं काय झालं' असाही एक रकाना आहे, आणि त्यातली उत्तरं तीच तर लिहून घ्यायची. टेबलाखालून भालू बघत होता. त्याला जे जे सांगायचं होतं ते त्यानं आज सगळं सांगितलं होतं, नीट, एकापुढे एक. कुणी ऐकलं नव्हतं, त्यानं तरीही कुणाला ओरखडा काढला नव्हता, आणि जायचं होतं त्यालाच. चावाबाईला एकदम रडू आलं. तिला स्वतःचा असा राग आला, जसा आजवर फक्त दुसऱ्यांचाच यायचा.

"भालूचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं. मला कुत्र्यांतलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं."

भाऊ हसायचा थांबला. ताईच्या तोंडून असलं वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं मग सगळं सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना पुन्हा कंपाउंडर केलं, आणि दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. भावजयीनं अट घातली, की तोवर पोरगी आणि कुत्रा एका खोलीत एकटे सोडायचे नाहीत. ही अट खरं तर पहिल्याच दिवशी हवी होती, पण पहिल्या दिवशी घरात तज्ज्ञ हजर होत्या ना.

चौदाव्या दिवशी कंपाउंडर आला तर टेबलावर दोन कप चहा. त्या खोलीत पेशंटला आजवर पाण्याचंही कुणी विचारलेलं नाही. त्यानं चहा घेतला, जिंकल्यासारखं तोंडही केलं नाही, आणि ते तिला जास्तच लागलं. तिनं विचारलं, परत गुरगुरायला शिकवता येतं का? तो म्हणाला, शिकवायचं काही नसतं, तुम्ही ऐकायला लागा. जांभई ऐका, तोंड फिरवणं ऐका. या घरात सांगितलं की ऐकतात, हे त्याला कळायला हवं. पण त्याआधी त्याला आमच्या डॉक्टरांना दाखवून आणा.

दाखवलं. डाव्या कानात कितीतरी दिवसांचं दुखणं निघालं, आतून लालभडक. ठमी रोज त्याच कानाला गाल लावत होती. किती गुणी, हलतसुद्धा नाही.

मग नियम आले. सोफ्यामागचा कोपरा भालूचा, तिथे कुणी जायचं नाही. ताटली ठेवली की बाजूला व्हायचं. मारायचं नाही, खेकसायचं नाही, मिठी मारायची नाही. हात लावायचा तो त्याच्या छातीला, तीन आकडे मोजेपर्यंत. मग हात मागे. त्यानं स्वतःहून अंग पुढे केलं तर पुन्हा तीन. मोठ्या माणसांना तीनपर्यंत मोजणं किती जड जातं ते तेव्हा दिसलं. भाऊ दहा-दहापर्यंत जायचा आणि म्हणायचा, माझा हात त्याला चालतो. असले बहाणे ठमीपुढे मात्र चालत नसत. बाबा, तीन झाले, असं ती शेजारच्या घरात ऐकू जाईल असं सांगायची. एक लांबचे काका आले, मला सगळे कुत्रे ओळखतात म्हणाले आणि भालूवर ओणवे झाले. ठमी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, आधी त्याला तुमच्याकडे येऊ द्या, नाही आला तर चहा प्या. काकांनी चहा प्यायला.

इकडे चावा विभागाचंही बिनसलं. अठ्ठाविसाव्या दिवशी कंपाउंडरची पाचही सुया पूर्ण झाल्या, पण तो जाताना रोग मागे ठेवून गेला. माणूस स्टुलावर बसला की चावाबाई विचारू लागली, चावण्याआधी कुत्रा काय करत होता? जेवत होता, झोपला होता, बांधलेला होता? तोंड फिरवलं होतं का? लोक भडकत. रक्त आमचं आलंय सिस्टर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? ती म्हणायची, तुमच्याच, म्हणून तर पुन्हा इथे येऊ नका. दोन तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या. साहेबांनी त्या वाचून फाइलला लावल्या, कारण चावा विभाग सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

घरी मात्र भालू गप्पच होता. शेपूट हलवायला लागला होता, स्वतःहून येऊन ठमीच्या पायाशी बसायला लागला होता, पण आवाज नाही. मुदत संपायला एक आठवडा राहिला. भावजयीनं गाडीचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलेला होता, तो तिनं काढला नव्हता, आणि चावाबाईनं काढ म्हटलंही नव्हतं. कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्या रविवारी दुपारी भालू आपल्या कोपऱ्यात पडला होता. कानात नुकतंच औषध घातलं होतं, त्यामुळे जरा वैतागलेला. ठमीचा चेंडू घरंगळत सोफ्यामागे गेला आणि खेळाच्या भरात ठमी त्याच्यामागे गुडघ्यांवर सरकत गेली. चेंडू भालूच्या पुढच्या पंजांच्या मधे. भालूनं तोंड फिरवलं. ठमीचं लक्ष चेंडूकडे. तिचा हात पुढे गेला, भालू ताठ झाला. चावाबाई खुर्चीतून अर्धी उठली.

भालू गुरगुरला.

बारीक, खरखरीत आवाज, मध्येच तुटलेला. गुरगुरला आणि लगेच त्यानं डोळे घट्ट मिटून नाक पंजांत खुपसलं, आता बसणार म्हणून.

 भावाचं तोंड उतरलं. आपण पंधरा दिवसांत काय शिकवलं होतं ते त्याला समोर दिसत होतं. ठमीनं मात्र हात मागे घेतला होता. ती तशीच गुडघ्यांवर मागे सरकली, एक हात, दोन हात, आणि म्हणाली, "बरं. राहू दे तुझ्याकडे."

भालूनं एक डोळा उघडला. नाकावर काही बसलं नाही. त्यानं दुसराही उघडला.

चावाबाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. भावजय पाणी आणायला धावली, भाऊ काय करावं ते न कळून पंखा वाढवून आला. ठमी समोर येऊन उभी राहिली.

"आत्या, रडतेस काय? तो फक्त नको म्हणाला."

चावाबाईनं तिला ओढून घट्ट छातीशी धरलं, पटापट मुके घेतले, ओले गाल तिच्या गालांवर घासले. ठमीनं मान वळवली, अंग जरासं ताठ केलं. चावाबाईनं हात सोडले. ठमीनं फ्रॉकच्या बाहीनं गाल पुसला आणि ती दुसरा चेंडू शोधायला आतल्या खोलीत गेली.